वकीलबाईंचे चार प्रश्न

रविवारी सकाळी साडेअकराला थोरल्यांनी नकाशावर रेघ ओढायची आणि त्या रेघेवर कारखान्यात भिंत उठवायची, एवढं नक्की झालं होतं. रेघ कुठून जाणार, याबद्दल मात्र अजून कोणी तोंड उघडलं नव्हतं.

कारखाना बंद होता. खाली करवती आणि रंधे गप्प पडले होते, पॉलिशचा वास तेवढा जिना चढून वर आला होता. वरच्या लांब खोलीत आजवरच्या नमुन्याच्या खुर्च्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. टेबलाच्या टोकाला अण्णा बसले होते. कारखान्याची पहिली खुर्ची त्यांनी केली होती आणि एक्क्याऐंशीव्या वर्षीही ते तिच्यातच बसत. त्यांच्या एका हाताला थोरले आणि काकू, दुसऱ्या हाताला धाकटा. मधोमध, कोणाकडेच पाठ होणार नाही अशा बेतानं, आत्या. ती तिघा भावंडांत मधली. दुसऱ्या शहरात तिचं औषधांचं दुकान होतं, ते मदतनिसाच्या भरवशावर टाकून ती सकाळच्या गाडीनं आली होती. धाकट्याची बायको रेल्वेच्या चौकशी खिडकीवर कामाला होती आणि त्या खिडकीला रविवार ठाऊक नसतो. म्हणून त्यांची दहा वर्षांची मुलगी सोबत आली होती. ती कोपऱ्यात खिडकीखाली बसून काहीतरी रंगवत होती.

तिला घरात आणि कारखान्यात सगळे वकील म्हणत. नाव थोरल्यांनीच ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी कापकामाचं मोठं यंत्र आणायचं की नाही यावरून दोघा भावांचं फाटलं, बोलणं बंद झालं आणि निरोपांची ने-आण या पोरीकडे आली. "दादाला सांग, शिसवीच्या फळ्या संपल्या." "तुझ्या वडलांना सांग, फळ्या संपत नसतात, संपवल्या जातात." ती निरोप नुसता पोचवायची नाही, त्यावर उलटतपासणीही घ्यायची. "काका, पण तुम्हीच तर मंगळवारी चार फळ्या नेल्या होत्यात." थोरले कपाळावर हात मारून म्हणायचे, "फी किती घेता, वकीलबाई?"

"यंत्र तुझ्या बाजूला ठेव, हातकाम याच्या बाजूला राहील," आत्या म्हणाली. "दार एकच ठेवू. अण्णांच्या देखत दोन दारं नकोत."

"दार कुठंही ठेवा," धाकटा म्हणाला. "दादाला विचार, खिडकीकडची बाजू सोडतोय का."

"मी इथंच बसलोय," थोरले म्हणाले. ते आत्याकडे बघूनच म्हणाले.

वाऱ्यानं नकाशाचं एक टोक उचललं. थोरल्यांनी त्यावर पंजा ठेवला. "खिडकी लाव गं वकीलबाई. सगळा कारखाना उडून चाललाय."

अण्णासुद्धा हसले. मुलीनं खिडकी लावली. कडी घालून वळताना तिची नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर गेली. बारा वाजून दहा मिनिटं.

"चल दादा," आत्या म्हणाली. "ओढ एकदाची."

थोरल्यांची रेघ हा कारखान्यातला मोठा अभिमानाचा विषय होता. पट्टी न लावता सहा हात फळीवर ते पेन्सिल ओढत आणि नवे कारागीर पट्टी लावून बघत; केसाचाही फरक नसे. धाकट्यानं लहानपणी ही रेघ जमावी म्हणून वह्याच्या वह्या भरल्या होत्या. जमली नव्हती. आपल्याला यंत्र का हवं, याचं खरं उत्तर कदाचित त्या वह्यांत असेल, हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही.

पेन्सिल कागदाला टेकली. वीतभर सरळ गेली. मग हळूच उजवीकडे घसरली, टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि थोरल्यांच्या बोटांतून सुटून खाली पडली.

"हे बघ," धाकटा उसळला. "बघ ताई, हे असं असतं! वाटणी नकोय तर तोंडानं सांग म्हणावं. थट्टा कसली मांडलीय?"

थोरले काहीतरी पुटपुटले.

"काय? मोठ्यानं बोल की. दोन वर्षांनी बोलतोयस तर ऐकू येईल असं तरी बोल!"

"भावजी, हळू," काकू म्हणाल्या. "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही त्यांच्या. थकलेत. अहो, जरा आडवे होता का?"

*

मुलीनं रेघ बघितली होती. काकांची रेघ वाकडी जाते, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिनं काकांचं तोंड बघितलं.

गुरुवारी विज्ञानाच्या बाई वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यांनी मुठीतून एकेक बोट बाहेर काढलं होतं. तोंड, हात, बोलणं आणि घड्याळ. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओघळतंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का बघा. एक सोपं वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळतेय का बघा. यातलं एकही बिघडलेलं दिसलं तर माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ लक्षात ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. "याला स्ट्रोक म्हणतात," बाई म्हणाल्या होत्या. "मेंदूचा झटका. मोठी माणसं म्हणतात, जरा पडू दे, बरं वाटेल. तेवढ्यात मेंदूचा एकेक भाग बंद पडत जातो. म्हणून हे तुम्हाला शिकवतेय. घरी जाऊन तीन मोठ्या माणसांना शिकवा आणि त्यांच्या सह्या आणा."

म्हणायचं वाक्य वर्गानंच ठरवलं होतं: आज शाळेला सुट्टी नाही. मग सगळ्यांनी एकमेकांना तपासलं. तिला पेशंट केलं होतं आणि तिनं तोंड इतकं वाकडं केलं की बाईंनाही हसू आवरेना.

सह्या तीन मिळाल्या होत्या. शिकलं मात्र कोणीच नव्हतं. आईनं कामावर निघता निघता सही केली, बाबांनी फोनवर बोलता बोलता. तिसरी सही कारखान्याच्या राखणदाराची होती आणि त्यानं "कशाबद्दल आहे?" एवढं तरी विचारलं होतं.

काकांच्या ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

ती उठली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाबांच्या बाजूनं उठून काकांच्या बाजूला गेली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं.

"काका, हसून दाखवा."



"ही हसायची वेळ आहे?" धाकटा म्हणाला. "मोठी माणसं बोलताहेत. खाली जाऊन बस."

"काका, दात दिसतील असं हसा."

"ऐकू येत नाही का तुला? नाटक चाललंय त्याचं, आणि तू—"

"बाबा, थांबा!"

या घरात बापाला असं कोणी बोललं नव्हतं.

थोरले हसले. म्हणजे अर्धे हसले. डावा गाल वर गेला, उजवा जागचा हलला नाही.

"आता दोन्ही हात वर. असे, समोर." तिनं स्वतःचे हात पुढे केले. थोरल्यांचे हात उचलले गेले. डावा तिथंच राहिला आणि उजवा पाण्यात दगड बुडावा तसा खाली आला. थोरले त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखे बघत राहिले.

"म्हणा, आज शाळेला सुट्टी नाही."

"आच... शालेल..." थोरल्यांनी मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला. "सुत... सुत..."

काकूंच्या तोंडून किंकाळी फुटली. मुलीनं आवाज धरून ठेवला. "स्ट्रोक आहे," ती म्हणाली. "काकू, तुमचा फोन द्या. मला नंबर पाठ आहे."

*

आत्यानं तेवीस वर्षं औषधं विकली होती. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं ती झोपेत सांगू शकली असती. तिचा हात पर्समध्ये गेला तो विचार न करता गेला.

"रक्त पातळ करायची गोळी आहे माझ्याकडे. वहिनी, पाणी आण."

"नाही आत्या!" फोन कानाला लावलेली पोर ओरडली. "गोळी नाही, पाणी नाही. तोंडानं काहीच द्यायचं नाही. घशात अडकतं. आणि आत गुठळी आहे की रक्त सांडलंय ते मेंदूचा फोटो काढल्याशिवाय कळत नाही. सांडलं असेल तर गोळीनं वाढतं." लगेच फोनमध्ये ती दुसऱ्याच, सावकाश आवाजात म्हणाली, "हो, माझे मोठे काका. वय पन्नास. बोलता येत नाहीये, उजवा हात पडतोय. बारा दहाला नीट होते. पत्ता लिहून घ्या."

आत्याचा हात पर्समध्येच थांबला. क्षणभर तिला राग आला; वीतभर पोरीनं औषधवाल्या बाईला शिकवावं! पण पोर म्हणत होती ते बरोबर होतं. आत्याला ते माहीत होतं, कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलंही होतं. नेमक्या वेळेला आठवलं मात्र त्या दहा वर्षांच्या डोक्याला.

तिनं गोळीची पट्टी पर्समध्ये ढकलली आणि पर्सची चेन लावली. "ही सांगेल तसं करा," ती सगळ्यांना म्हणाली. "वकील, पुढं काय?"

"बसवून धरा. कॉलर सैल करा. एकटं सोडू नका."

"त्याला झोपू द्या," अण्णा म्हणाले. इतका वेळ ते गप्प होते. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरला बोलवा, तो येईल. झोपला की बरं वाटेल."

आत्यानं मान वर केली. धाकट्यानंही. आठ वर्षांपूर्वी याच शब्दांत, याच खोलीत आईबद्दल बोललं गेलं होतं. हात बधिर झालाय, ती म्हणाली होती. थोरल्यांनी तिला आत नेऊन झोपवलं होतं, पांघरूण घातलं होतं, दार लोटून घेतलं होतं, आवाज होऊ नये म्हणून कारखान्यातली करवत बंद करवली होती. चार तासांनी दार उघडलं तेव्हा ती जागी होती, पण त्यानंतर तीन महिन्यांनी ती गेली तोवर तिच्या तोंडून एक शब्द आला नाही. धाकटा तेव्हा गावाबाहेर होता. 'तू तिला झोपवलंस,' हे वाक्य त्यानं भावाला कधीच ऐकवलं नव्हतं. पण यंत्राच्या, फळ्यांच्या, वाटणीच्या प्रत्येक भांडणाच्या तळाशी तेच होतं. आत्याला ते ठाऊक होतं, म्हणूनच तिचा कुठलाही तोडगा आजवर टिकला नव्हता.

"अण्णा," धाकटा म्हणाला. "आईला आपण झोपू दिलं होतं."

अण्णांनी डोळे मिटले.

धाकटा उठला, टेबल ओलांडून आला आणि थोरल्यांच्या पडलेल्या बाजूला जमिनीवर बसला. त्यांचा उजवा हात त्यानं आपल्या खांद्यावर घेतला. "दादा, मी आहे. बोलू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐक."

*

रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. मोठ्या रुग्णालयात पोचायला आणखी अठरा लागली. त्या पूर्ण वेळात काकूंनी नवऱ्याचा डावा हात सोडला नाही आणि धाकट्यानं उजवा; मुलगी पुढं चालकाशेजारी बसली होती.

डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर. थोरल्यांना फोटोसाठी आत नेता नेताच तिनं विचारलं, "शेवटचे ठणठणीत कधी होते?"

"सकाळपासून गप्पच होते हो," काकू रडत म्हणाल्या. "रात्रीही झोपले नव्हते. काल संध्याकाळपासूनच काहीतरी..."

डॉक्टरचा चेहरा बदलला. "हे बघा, फोटोत रक्तस्राव नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. पण पहिल्या साडेचार तासांतच. कालपासून असेल तर मी हात लावू शकत नाही, उलट धोका. मला नक्की वेळ पाहिजे. अंदाज नकोय."

"बारा वाजून दहा," मुलगी म्हणाली.

डॉक्टरनं खाली बघितलं.

"त्यांनी मला सांगितलं, खिडकी लाव गं वकीलबाई, सगळा कारखाना उडून चाललाय. नीट म्हणाले. 'सगळा'मधला ळसुद्धा. हसले तेव्हा दोन्हीकडून हसले. मग मी घड्याळ बघितलं."

"वकीलबाई कोण?"

"मी."

डॉक्टरनं धाकट्याकडे वळून विचारलं, "तुम्ही तिथं होतात? हे बरोबर आहे? नीट विचार करून सांगा."

धाकट्याला वाटलं, आता काय सांगायचं? ज्या माणसाकडे दोन वर्षं बघितलंच नाही, तो सकाळी कसा दिसत होता? आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याला सगळं माहीत आहे. दादा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर खोकला होता. पेन्सिलीचं टोक त्यानं नखावर घासून पाहिलं होतं. 'मी इथंच बसलोय' म्हणताना त्यानं 'इथंच'वर जोर दिला होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "वाक्य शब्दाशब्दानं बरोबर आहे. वहिनी म्हणतात ते गप्प बसणं आजारानं नव्हतं, माझ्यामुळं होतं. मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही, डॉक्टर, पण त्यानं बोललेलं एकही वाक्य चुकवलेलं नाही."

डॉक्टरनं हातातल्या कागदावर वेळ लिहिली. मागोमाग आलेली आत्या धापा टाकत पोचली होती. इंजेक्शनानं रक्तस्रावाचा धोका किती, न दिल्यास काय, हे तिनं काकूंना दोन वाक्यांत समजावलं. काकूंनी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. मग, कोणाला अपेक्षित नसताना, मुलीकडे बघितलं.

"देऊ का गं?"

"ते मला नाही शिकवलं, काकू," मुलगी म्हणाली. "ते डॉक्टर सांगतात."

काकूंनी सही केली. एक वाजून चौतीस मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं.

बाकावर बसल्यावर मुलगी पहिल्यांदा रडली. धाकट्यानं तिला जवळ घेतलं. तिच्या दप्तरातल्या वहीवर आपली सही आहे, तारीख गुरुवारची आहे आणि त्यावर लिहिलंय 'मी हे माझ्या पाल्याकडून शिकलो', हे त्याला त्या वेळी आठवलं. त्यानं कबूल करून टाकलं.

"तू सांगत होतीस तेव्हा मी फोनवर होतो गं. काहीच ऐकलं नव्हतं."

"मला माहितीय," ती नाक पुसत म्हणाली. "तुम्ही सही उलटी केली होती."

*

काकूंना तो पुढचा पंधरवडा नंतर तुकड्यातुकड्यानंच आठवायचा. संध्याकाळी उजव्या हाताची करंगळी हलली, त्या वेळी वॉर्डातली परिचारिका त्यांच्याइतकीच आनंदली होती. दुसऱ्या दिवशी अंगठा हलला. चौथ्या दिवशी थोरले भिंत धरून दारापर्यंत गेले. पण बोलणं येईना. शब्द डोळ्यांत दिसायचे, ओठांपर्यंत यायचे आणि तिथून परत जायचे. बोलणं शिकवणारी बाई रोज येई, चित्रं दाखवी. कप. किल्ली. मासा. पन्नास वर्षांचा माणूस 'कप' म्हणायला घाम गाळत होता आणि काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

नवव्या दिवशी धाकटा आला. दोन्ही बाजूंचं काम तोच बघत होता, डोळे सुजले होते.

"दादा, ती शाळेच्या खुर्च्यांची ऑर्डर आहे ना, तिला ओलसर लाकूडच वापरतोय. वाळवायला वेळ नाही. यंत्र असतं तर—"

थोरल्यांचा चेहरा लाल झाला. काकू घाबरून उठल्या.

"गा... गाढवा," थोरले म्हणाले. थांबले. ओठ जुळवले. "ओलं लाकूड... तडकतं. यंत्र... काय करेल?"



"मग हातानं कापलं तर तडकत नाही का?" धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण माघार घेईल तर तो धाकटा कसला.

"मी... ओलं... कापत नाही!"

"ऑर्डर वेळेवर जाते का तुझी?"

परिचारिका धावत आली तेव्हा दोघे भाऊ एकमेकांवर ओरडत होते, एक भराभर आणि एक शब्दाशब्दाला अडत, आणि काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "बाई, यांना थांबवा, पेशंटला त्रास होईल," परिचारिका म्हणाली.

"थांबवू नका हो," काकू म्हणाल्या. "दोन वर्षांनी भांडताहेत. समोरासमोर."

अण्णांनी तो नकाशा टेबलावरून उचलला नव्हता. वाटणी होईल, ते म्हणाले, होणारच. दोन हुशार मुलं एका टेबलावर कायम बसत नाहीत. पण रेघ दोघांनी मिळून ओढायची आणि ती ओढायच्या आधी महिनाभर एकमेकांशी बोलायचं. आत्या मनात म्हणाली, आपल्याला हे आधी का सुचलं नाही?

*

सात आठवड्यांनी शाळेनं पालकांना बोलावलं. शिकवणार होती मुलं. बाई नुसत्या दाराशी उभ्या राहणार होत्या.

थोरले काठी घेऊन, पण स्वतःच्या पायांनी आले. काकूंनी त्यांना पुढं बसवायचा प्रयत्न केला. ते मागच्या बाकाकडे गेले. तिथं धाकटा आधीच गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, कारण बाक नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या मापाचे होते. थोरल्यांनी बसता बसता बाकाचा सांधा डाव्या अंगठ्यानं दाबून पाहिला आणि नाक मुरडलं.

आत शब्द सगळे होते. लोकांना वाटायचं की गेले, पण ते कुठंच गेले नव्हते. वाट तेवढी अरुंद झाली होती आणि एका वेळी एकच बाहेर पडू शकत होता. म्हणून थोरले हल्ली निवडून बोलत. आयुष्यभरात बोललेल्यातलं निम्मं न बोललं असतं तरी चाललं असतं, असं त्यांना आता वाटायचं.

वकील फळ्यासमोर उभी होती. सोबत आणखी दोन मुली. ती काहीच पाठ केल्यासारखं म्हणत नव्हती. ती विचारत होती. "तुमच्या घरात सगळ्यात जास्त थकलेलं कोण असतं? ते एकदम गप्प झाले तर तुम्ही काय म्हणता? झोप म्हणता ना?" बाया मान हलवत होत्या. एक आजोबा वहीत लिहून घेत होते.

मधल्या रांगेतून एक गृहस्थ हसून म्हणाले, "छान आहे हो. पण असल्या गोष्टी डॉक्टरांनी बघायच्या. लहान मुलांचं ऐकून कोणी इस्पितळात धावत सुटायचं का?"

मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागं काठी वाजली. थोरले उभे राहिले होते. वर्ग वळून बघू लागला. थोरल्यांनी शब्द निवडले, ओळीत लावले आणि एकेक करून सोडले.

"मी... थोरला. हिचा काका." दम घेतला. "माझ्या घरात... औषधवाली होती. वडील होते. भाऊ होता. सगळे... शहाणे." पुढचा शब्द येईना. फळ्यापाशी उभी असलेली पोर ओठ हलवत होती, पण तिनं शब्द पुरवला नाही. तिला ठाऊक होतं की काकांना तो स्वतःच आणायचाय. "ऐकलं... हिनं एकटीनं. म्हणून मी... उभा आहे."

ते खाली बसले. मधल्या रांगेतल्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं.

"तर पहिलं बोट," मुलगी म्हणाली. तिचा आवाज किंचित हलला, मग सरळ झाला. त्या आवाजाकडे बघत राहावं असं थोरल्यांना वाटलं. आवाजाकडे बघता येत नाही, पण त्यांनी बघितलं. उभी राहण्याची ती तऱ्हा, हनुवटी जरा वर. एवढ्या लोकांत एक क्षण मागं न हटणं. त्यांच्या छातीत काहीतरी इतकं मोठं झालं की त्या लहान मापाच्या बाकात ते मावेना.

ते धाकट्याच्या कानाशी झुकले.

"पोरगी... तुझ्यावर... गेली नाही," ते म्हणाले. "बरं झालं."

"तुझ्यावर गेलीय," धाकटा कुजबुजला. "कोणाचं म्हणून ऐकत नाही."

थोरल्यांना हसू फुटलं. धाकट्यालाही. दाबायला गेले तसं ते जास्तच वाढलं, धाकट्याचा गुडघा बाकावर आपटला, काठी खणकन खाली पडली आणि सगळा वर्ग मागं वळला.

"मागच्या बाकावरचे दोघं," दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "बोलायचं असेल तर बाहेर जा."

दोघा भावांनी एकाच वेळी माना खाली घातल्या.

"सॉरी, बाई," धाकटा म्हणाला.

"सॉ...री," थोरले म्हणाले आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या वकीलबाईंनी दोघांकडे रोखून बघितलं, शांतता व्हायची वाट पाहिली आणि दुसरं बोट वर केलं.